बाळू पालवणकर

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाताना समुद्रासमोर ओळीने वसलेले जिमखाने दृष्टीस पडतात. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि १८९४ साली स्थापन झालेला हिंदू जिमखाना यांची हिरवीगार मैदाने तेथे एकमेकांच्या शेजारी पसरलेली आहेत. इंग्रजांचा बाँबे जिमखाना मात्र निराळ्या ठिकाणी, एस्प्लनेड मैदानावर होता. भारतीय मनुष्याने तेथे पाऊल टाकावयाचे, ते केवळ नोकर म्हणून. अशा त्या काळात ज्या एका गोलंदाजाने हिंदू जिमखान्याचे भाग्य उजळले, त्याच्या हातचे पाणी पिण्यास त्याचाच समाज तयार नव्हता. त्या गोलंदाजाचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील, चर्मकार समाजातील होते. वडील लष्करी खात्यात नोकरीस असल्यामुळे बाळूंचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोरे अधिकारी जुन्या झालेल्या फळ्या व झिजलेले चेंडू टाकून देत. तेच उचलून बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळू लागले. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षण फार काळ चालले नाही. लहान वयातच त्यांना नोकरी पत्करावी लागली.

पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात मिळाली. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, हे त्यांचे काम, आणि वेतन महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर रुजू झाले. येथेही खेळपट्टी तयार करणे, जाळी उभारणे आणि टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे हीच कामे होती. परंतु अधूनमधून सरावासाठी साहेबांना चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळू लागली. बाळू डाव्या हाताने, मंद गतीने चेंडू टाकीत. चेंडूला वळण देण्याची त्यांची हातोटी पाहून चांगले चांगले फलंदाज चकित होत. ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज तर इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि केवळ बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी तो त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. तेथे बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. मात्र एकाही साहेबाने फलंदाजीसाठी त्यांच्या हाती फळी दिली नाही. फलंदाजी ही मालकांनी करावयाची आणि गोलंदाजी नोकरांनी, असाच तेथील रिवाज होता.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरविण्याची मोठी ईर्ष्या होती. त्या संघात बाळूंना घ्यावे की नाही, यावर बराच वाद झाला. काही सभासदांना त्यांचा स्पर्श नको होता. काहींना विजय हवा होता. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले. परंतु तेथील व्यवहार मोठा विलक्षण होता. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. त्या वेळी कोणाचाही धर्म बुडत नसे. खेळ थांबून चहापानाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून कपबशीने चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. चहा घेतल्यावर ते भांडे फेकून देण्यात येई. बाळूंनी हे सारे मुकाट्याने सोसले; पण त्यामुळे आपल्या चेंडूची धार त्यांनी कधी बोथट होऊ दिली नाही.

एकदा सातारच्या युरोपियनांशी सामना ठरला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तेथील यजमानांनी खेळपट्टीवर कितीतरी दिवस रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि त्यांच्या संघाने सामना जिंकला. या विजयानंतर पुण्यात भरलेल्या सभेत न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा सत्कार केला. ज्याच्यासोबत आपण खेळतो, त्याच्यासोबत जेवण्यास हरकत कसली, हा प्रश्न तेव्हापासून विचारी लोकांच्या मनात घोळू लागला.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली. त्याच सुमारास बाळू मुंबईस आले. त्यांना हिंदू जिमखान्यात प्रवेश देण्यासही प्रथम काही सभासदांचा विरोध होता. परंतु जाणत्या मंडळींनी तो मोडून काढला. काही काळाने शिवरामही संघात आले. पुण्यात जे घडले नव्हते, ते मुंबईत घडले. या बंधूंना जिमखान्याच्या उपाहारगृहात इतरांच्या पंक्तीला बसून खाण्यापिण्याची मोकळीक मिळाली. समाजसुधारकांच्या वृत्तपत्राने या गोष्टीचे मोठे स्वागत केले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. वंगभंगाच्या चळवळीने त्या दिवसांत सारा देश ढवळून निघाला होता. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांनी १९१ केल्या. दुसऱ्या डावात हिंदू संघ १६० धावांत बाद झाला, तेव्हा युरोपियनांना विजयाची आशा वाटू लागली. परंतु बाळू आणि त्यांचे सहकारी यांच्या अचूक गोलंदाजीपुढे त्यांचा सारा संघ अवघ्या १०२ धावांत गारद झाला. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात व त्यांच्याच मैदानावर नमविता येते, हे त्या दिवशी लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या संघाचे २३ सामने झाले; त्यांपैकी १५ त्याने गमावले व केवळ ६ जिंकले. परंतु पस्तिशीला आलेल्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी मिळविले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे आठ गडी त्यांनी एका डावात १०३ धावा देऊन बाद केले. मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समाजातील एका बुद्धिमान महाविद्यालयीन विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी फार अभिमान वाटे. तो विद्यार्थी म्हणजे पुढे सर्व जगाला परिचित झालेले डॉ. भीमराव आंबेडकर.

एवढी कीर्ती मिळूनही हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र बाळूंच्या वाट्याला आले नाही. अनुभव व योग्यता यांत त्यांच्या तोडीचा दुसरा खेळाडू संघात नव्हता. कर्णधार झालेल्या पै यांनी तर हा मान बाळूंनाच मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. १९२० मध्ये निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी खेळण्यास नकार दिला. लोकमत खवळले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार नेमण्यात आले, बंधूही परतले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्यांच्या आयुष्यात कर्णधारपद आले, ते एवढेच.

परंतु जे थोरल्या भावाला नाकारले गेले, ते धाकट्याला मिळाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने चौरंगी सामन्यांत विजय मिळविला. मातीच्या भांड्यापासून कर्णधारपदापर्यंतची ही वाट चालण्यास पालवणकर कुटुंबाला सुमारे तीस वर्षे लागली.

उत्तरायुष्यात बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत ते एक होते. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले व थोड्या मतांनी पराभूत झाले. अस्पृश्यतेच्या निवारणाचा मार्ग कोणता, याविषयी दोघांत मतभेद होता. ती नष्ट झालीच पाहिजे, याविषयी मतभेद नव्हता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, एवढाच हिशेब क्रिकेटच्या वहीत बाळूंच्या नावे मांडलेला आहे. परंतु त्या वहीत न मावणारी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. ज्या संस्थेने त्यांना कचरत आत घेतले, त्या संस्थेला त्यांनी आपल्या कर्तृत्वाने मोठे केले आणि त्याबरोबरच तिला थोडे अधिक न्यायी होण्यासही भाग पाडले. गुणाला जात नसते, हे सत्य त्यांनी व्याख्यानांतून नव्हे, तर हातातल्या चेंडूने पटवून दिले.