कुमार गंधर्व

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी ऊर्फ कुमार गंधर्व (८ एप्रिल, १९२४ – १२ जानेवारी, १९९२) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील गायक आणि रचनाकार होते. मैफलीत काय गावे व कोणत्या क्रमाने गावे, या प्रश्नाचा त्यांच्याइतका स्वतंत्र विचार करणारे गायक विरळाच.

जीवन

त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. बालपणीच एका मठाधिपतींनी त्यांना ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी दिली. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. देवधर एकाच घराण्याचा आग्रह धरणारे नव्हते; अनेक परींचे गाणे शिष्याच्या कानावर पडू देण्याची त्यांची पद्धत होती. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. त्याच सुमारास क्षयरोगाचे निदान झाले आणि १९४८ च्या आरंभी ते हवापालटासाठी मध्य प्रदेशातील देवास येथे गेले. गाणे बंद झाले. ते पुन्हा सुरू व्हायला सुमारे पाच वर्षे लागली.

अंथरुणावर पडून असताना मालव्यातील लोकगीते आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत होती. यांतूनच त्यांचा पुढचा गानसंग्रह घडला. लोकधुनांच्या आधारे त्यांनी मधसुरजा, लगनगंधार, संजारी यांसारखे ‘धुनउगम’ राग बांधले. ‘अनुपरागविलास’ (१९६५) या ग्रंथात त्यांच्या स्वरचित बंदिशी आहेत.

मैफलीची मांडणी

रूढ मैफलीत गायक वेळेला साजेसा राग घेऊन विलंबित ख्याल मांडतो, मग द्रुत बंदिश गातो. उत्तरार्धात ठुमरी, नाट्यगीत वा अभंग होतो आणि भैरवीने सांगता होते. काय गायचे हे पुष्कळदा बैठकीवर बसल्यावर, श्रोत्यांचा कल पाहून ठरते. आजारात एक फुप्फुस निकामी झाल्याने कुमारांच्या दमसासाला मर्यादा पडली होती. दीर्घ विलंबितापेक्षा त्यांनी मध्य लयीतील बंदिशींवर भर दिला; मात्र ही केवळ शरीराची तडजोड समजणे अपुरे ठरेल. बंदिशीतूनच रागाचे रूप प्रकटते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे एकाच रागाच्या दोन बंदिशी त्यांच्या गाण्यात दोन निराळ्या प्रकृतींच्या होऊन येत.

यापुढे जाऊन त्यांनी एका सूत्राभोवती संपूर्ण कार्यक्रम बांधले. ‘गीतवर्षा’मध्ये मल्हाराचे प्रकार आणि मालवी लोकगीते पावसाच्या एकाच धाग्यात ओवली गेली. ‘गीतहेमंत’ व ‘गीतवसंत’ हे त्याच जातीचे. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास व मीरा यांची पदे होती, तुलसीदास आणि तुकाराम यांच्यावरही स्वतंत्र कार्यक्रम झाले. अशा मांडणीत लोकगीत हे शास्त्रीय गाण्यानंतरचे हलके तोंडीलावणे राहिले नाही, त्याला रागाच्या शेजारी जागा मिळाली. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सर्वांत अवघड म्हणावा लागेल, कारण ती नाट्यपदे मराठी श्रोत्यांना मूळ गायकीसह मुखोद्गत होती. कुमारांनी नक्कल टाळून आपल्याला जाणवलेले त्या गाण्याचे मर्म तेवढे गायले.

या पद्धतीवर टीकाही झाली. रागाचा क्रमशः विस्तार न करणारे, घराण्याची शिस्त मोडणारे गाणे म्हणून जुन्या वळणाचे अनेक जाणकार त्यांच्यापासून दूर राहिले. पूर्वयोजनेमुळे बैठकीतील उत्स्फूर्तता उणावते, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु योजना असे ती गीतांच्या निवडीची. प्रत्यक्ष गाणे त्या त्या वेळी नव्यानेच घडे.

भानुमतींच्या निधनानंतर १९६२ साली त्यांनी शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. पुढील अनेक कार्यक्रमांत वसुंधराबाईंची साथ होती. कुमारांना पद्मभूषण (१९७७) आणि पद्मविभूषण (१९९०) हे सन्मान मिळाले. देवास येथे त्यांचे निधन झाले. पुत्र मुकुल शिवपुत्र, कन्या कलापिनी कोमकळी आणि नातू भुवनेश कोमकळी हे गायक आहेत.