चौकातील अपघात आणि प्वासाँचे गणित

एखाद्या चौकात वर्षभरात चार अपघात घडले की तो अपघातप्रवण ठरतो. तेथे गतिरोधक घातला जातो आणि पुढील वर्षी अपघात दोनवर आले की त्याचे श्रेय उपायाला दिले जाते. हे श्रेय कितपत खरे, हे तपासण्याची कसोटी देणारा फ्रेंच गणिती सीमेआँ दनी प्वासाँ मात्र मोटारगाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच, १८४० साली, निवर्तला होता.

१७८१ साली एका माजी सैनिकाच्या घरी तो जन्मला. शल्यवैद्यकी शिकण्यासाठी त्यास नातलगाकडे धाडण्यात आले. परंतु हातास कौशल्य नव्हते. १७९८ साली पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत तो पहिला आला. तेथे लापलास व लाग्रांझ यांच्यासारखे गुरू लाभले. तथापि आकृत्या रेखाटणे न साधल्याने सार्वजनिक बांधकामाचे क्षेत्र त्यास बंद झाले. १८०६ साली तो तेथेच प्राध्यापक झाला. रस्तेबांधणीच्या कामी निरुपयोगी ठरलेल्या या माणसाचे गणित पुढे रस्त्यांच्याच कामी आले.

न्यायनिवाड्यांतील संभाव्यतेवरील त्याचा ग्रंथ १८३७ साली प्रसिद्ध झाला. संधी असंख्य, पण प्रत्येक संधीस घडण्याची शक्यता अत्यल्प, अशा घटनांची संख्या सरासरीभोवती कशी विखुरते, याचे सूत्र त्यात होते. १८९८ साली बोर्टकिएविचने ते प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथांनी झालेल्या मृत्यूंना लावले. दहा सैन्यविभागांच्या वीस वर्षांच्या २०० नोंदींत १२२ मृत्यू होते. १०९ नोंदी निरंक, तर एकीत चार मृत्यू. सूत्र जुळले.

आता वर्षाला सरासरी दोन अपघातांचे शंभर चौक घ्या. काहीही बदल न होता त्यांतील सुमारे चौदा चौकांत एखाद्या वर्षी चार किंवा अधिक अपघात होतील आणि जवळजवळ तितक्याच चौकांत एकही होणार नाही. म्हणून पुढील वर्षीची घट हा उपायाचा पुरावा नव्हे. प्रत्यक्षात चौकाचौकांतील रहदारी भिन्न असते. त्यामुळे आजचे अभ्यासक रहदारी, तत्सम चौक व अनेक वर्षांच्या नोंदी यांवरून अपेक्षित संख्या आधी ठरवितात.

याचा अर्थ सारे दैवावर सोडावे असा नव्हे. एका वर्षाची संख्या योगायोगाची असेल. सरासरी मात्र रस्त्याच्या रचनेवर अवलंबून असते. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी परस्परांशी भिडतात, एकपदरी वर्तुळाकार चौकात केवळ ८ ठिकाणी. तेव्हा नागरिकांनी केवळ गतिरोधक मागू नये. आपल्या चौकाच्या अनेक वर्षांच्या अपघातांचा व रहदारीचा हिशेबही मागावा. चुकीच्या चौकावर खर्च झालेला पैसा खरोखर धोक्याच्या चौकास मिळत नाही आणि त्याची किंमत तेथील पादचारी प्राणाने मोजतो.