नळदुर्गचे टेलरसाहेब

मेडोज टेलरसाहेबांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूलला झाला. शाळा लहानपणीच सुटली. पंधराव्या वर्षी, १८२४ साली, मुंबईच्या व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी त्यांना धाडले. पण पेढीच डबघाईला आलेली! मग ते निजामाच्या फौजेत अधिकारी झाले. इथल्या भाषा, जमीनमोजणी, कायदा हे सारे ते स्वतःच शिकले. १८४४ साली पत्नी वारली. तरी काम सोडले नाही. १८५३ ते १८५७ पर्यंत त्यांनी आपल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिला. पुढे मायदेशी परतल्यावर १८६३ साली ‘तारा’ कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची बालविधवा. १८७६ साली ते निवर्तले. भगिनींनो, शाळा सुटली म्हणून शिकणे सुटू देऊ नये, हेच यातून घ्यावे.