अंगणात आणि कुरणात शाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक

उमरखेड असो की मुंबई, 'अंगणवाडी' म्हटलं की काय ते सांगावं लागत नाही. पण हा शब्द रुजला कसा? त्यासाठी ताराबाई मोडकांची गोष्ट माहीत हवी.

जन्म १८९२ चा. १९१४ ला त्या मुंबई विद्यापीठातून बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला आल्या, म्हणजे आपल्या विदर्भातच. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या आणि राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पुढे ही मानाची नोकरीही सोडली. का? तर भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत लहान मुलांना शिकवायला! त्या काळी लोकांना हे वेडच वाटलं असणार.

१९३६ ला त्यांनी दादरमध्ये शिशुविहार सुरू केलं. तिथं माँटेसरी पद्धत होती, पण मुलं शहरातली. खरी परीक्षा झाली १९४५ मध्ये, डहाणूजवळच्या बोर्डीत. सोबतीला तरुण शिक्षिका अनुताई वाघ आल्या.

वस्तीतली मुलं शाळेत येईनात. मग शाळाच वस्तीतल्या अंगणात भरायला लागली. तीच अंगणवाडी.

माँटेसरीची लाकडी साधनं महाग होती, खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, काड्या आल्या. बिया मोजल्या की गणित, लहान-मोठी पानं वेगळी केली की आकाराचा धडा. त्याआधी हात-तोंड धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. हाही अभ्यासच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरं राखायची. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरीच. अशा मुलांना 'शाळेत या' म्हणून काय उपयोग? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली. धाकटं पाळणाघरात, बहीण वर्गात. तिला नाव दिलं विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी? शिक्षकच गुरांमागे रानात जायचे. ही झाली कुरणशाळा.

१९६२ ला ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळालं, अंगणवाडी. हे बघायला ताराबाई नव्हत्या. अनुताई मात्र १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत कोसबाडचं काम सांभाळत होत्या.