चित्रपटाचा मूळ अर्थ : कलामहर्षी बाबूराव पेंटर

चित्रपट म्हणजे चित्र असलेला पट, अर्थात वस्त्र. हा मूळ अर्थ आज आम्ही विसरलो आहो. इंग्लंडात राजवाड्यांच्या व सरदारांच्या वाड्यांच्या भिंतींवर असे विणलेले पट टांगीत असत. लंडनजवळ मॉर्टलेक येथे 1619 साली राजाश्रयाने ह्या पटांचा कारखाना निघाला. फ्लँडर्स देशचे कसबी विणकर आणवून तेथे व्हल्कन व व्हीनस ह्या रोमन देवतांची कथा पटांवर विणविली गेली. चित्रकाराने पूर्ण आकाराचा नमुना रंगवावा व विणकराने त्याबरहुकूम रंगीत धागे भरावेत, अशी त्या कामाची रीत होती. आमच्या पेठ वडगावाच्या शेजारी, कोल्हापुरात, असेच पट निर्माण झाले. मात्र ते विणलेले नसून कुंचल्याने रंगविलेले होते. ते रंगविणाऱ्या बाबूराव पेंटर यांचे चरित्र आम्ही थोडक्यात देत आहो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात 3 जून 1890 रोजी कारागिरांच्या घराण्यात झाला. कोणत्याही चित्रशाळेत न जाता त्यांनी चित्रकला व मूर्तिकला स्वप्रयत्नाने हस्तगत केली, आणि पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. नात्याने बंधू असलेले आनंदराव हेही तसेच कुशल होते. 1910 ते 1916 ह्या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी ह्या उभयतांनी रंगविलेल्या पडद्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. सपाट कापडावर छायाप्रकाशाच्या योगे खोली भासवावी व प्रेक्षकास क्षणभर पुराणकाळात न्यावे, हे त्या कलेचे मर्म होय.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली प्रदर्शित झाला. तो पाहून उभय बंधूंस हलत्या चित्रांचा ध्यास लागला. आनंदरावांनी स्वतः कॅमेरा तयार करण्यास आरंभ केला. परंतु 1916 साली ऐन तारुण्यात ते निवर्तले. बंधू गेला, काम अर्धवट राहिले. तथापि बाबूरावांनी धीर सोडला नाही. दामले यांच्या साहाय्याने त्यांनी 1918 साली कॅमेरा पूर्ण केला, व 1920 साली महाभारतातील कीचकवधाच्या कथेवर ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे ठेवला. स्त्रियांनी पडद्यावर येणे निंद्य मानले जात असता त्यांनी स्त्रीभूमिका स्त्रियांसच दिल्या.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या रंगविलेल्या पडद्यांनी त्यांस नाव मिळवून दिले, तेच त्यांनी चित्रपटातून दूर केले, आणि त्यांच्या जागी खरेखुरे भासणारे महाल व घरे उभी केली. कॅमेऱ्यापुढे सपाट पडदा खोटा दिसतो, हे त्या पडदे रंगविणाऱ्याच्याच दृष्टीने ओळखले. पुढे 1925 साली ‘सावकारी पाश’ ह्या मूकपटात त्यांनी देवादिकांच्या जागी कर्जात बुडालेला शेतकरी दाखविला. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थीमित्रहो, ईश्वरदत्त गुण पुष्कळांस लाभतात. परंतु बंधूचे अपुरे राहिलेले कार्य तडीस नेणे, आणि सत्यासाठी स्वतःच्याच हातचा कीर्तिमान पडदा गुंडाळून ठेवणे, ह्याला गुणांबरोबर मनाचा मोठेपणा लागतो. तो आम्हांस ह्या चरित्रातून शिकता येईल.