मतांसाठी न लपविलेला धम्म

निवडणूक आली की भिवंडी तालुक्यातल्या पूर्णासारख्या गावांतून पुढारी हिंडतात. देवळात नारळ, दर्ग्यावर चादर, विहारात फुले. खरी श्रद्धा कोणती, त्यांचे त्यांनाच ठाऊक. परमपूज्य बाबासाहेबांचे तसे नव्हते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. पुढे निवडणुका लढवायच्या होत्या, तरी शब्द मागे घेतला नाही. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली कायदामंत्रिपद सोडले. १९५२ साली मुंबईत, १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेला पराभूत झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा तर सार्वत्रिक निवडणुकीच्या चार महिने आधीची! बौद्ध झाल्यावर १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती जाणार, हे घटनाकाराला ठाऊक नव्हते काय? केंद्राने त्या बौद्धांना दिल्या १९९० साली. मधल्या काळात कित्येक घरांत ओठांवर बुद्ध आणि दाखल्यावर जुनी जात राहिली. त्यांना दोष देणे सोपे. मुलाच्या शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या आईला विचारावे.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला बौद्ध पद्धतीने अंत्यविधी झाला, आणि तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली.