संतांचे रूप मनात आणताना : फादर थॉमस स्टीफन्स



नोव्हेनाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास निघतो. डोळे मिटून संत अंतोनींना विनंती करताना त्यांचे रूप मनात आणावे की आणू नये? आणले तर ते रूप बहुधा घरातल्या कॅलेंडरवरचेच असते. मग आपण संतांशी बोलतो की कॅलेंडरशी, अशी शंका काहींना येते. काहींची अडचण उलटी आहे. कितीही प्रयत्न केला तरी त्यांना काहीच दिसत नाही आणि आपली भक्ती कमी पडते, असे वाटून ते खंतावतात. आज आपण फादर थॉमस स्टीफन्स यांच्या जीवनाकडे पाहू या. मराठीच्या पाठ्यपुस्तकातून त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. पण मराठीची थोरवी गाणारा हा परदेशी माणूस प्रार्थना कशी करायला शिकला होता, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळात इंग्लंडमधील चर्चमधून संतांच्या मूर्ती काढून फोडल्या गेल्या होत्या आणि भिंतींवरील चित्रांवर चुना फासला गेला होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा अर्पण करणे हाही गुन्हा होता. थॉमस पाऊंड नावाच्या श्रीमंत मित्राबरोबर, त्याचा नोकर बनून, स्टीफन्स गुप्तपणे कॅथलिक श्रद्धावंतांच्या घरी फिरत असत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले होते. परंतु पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निघाले आणि १५७५ साली रोममध्ये त्यांना येशूसंघात प्रवेश मिळाला.

तेथे प्रत्येक नवशिक्याला संत इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना करावी लागे. या साधनेचा उगम एका आजारपणात आहे. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला आणि ते घरी खाटेला खिळून पडले. त्यांनी वाचायला वीरकथा मागितल्या, पण घरात होती ती फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. ती वाचता वाचता संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपण केले तर कसे होईल, याची चित्रे ते मनात रंगवू लागले. सरदारी पराक्रमाची स्वप्ने रंगवली की नंतर मन कोरडे पडे. संतांची चित्रे रंगवली की समाधान मागे उरे. हा फरक त्यांनी नीट पारखला. पुढे त्यांनी लिहिलेले साधनेचे पुस्तक १५४८ साली छापले गेले.

त्यातील एक रीत अशी : आधी जागा उभी करायची. बेथलेहेमचा रस्ता किती लांब, सपाट की चढउताराचा? गुहा केवढी, तिचे छत किती उंच? गंमत म्हणजे उत्तरे इग्नेशियस देत नाहीत, ती ज्याची त्याने शोधायची. मग पवित्र मरिया आणि संत योसेफ यांना पाहायचे आणि आपण एक गरीब, अपात्र सेवक होऊन त्यांच्या सेवेला तेथेच उभे राहायचे. हे झाले की शेवटी त्यांच्याशी बोलायचे, एखाद्या मित्राशी बोलावे इतक्या सरळपणे. आपल्या शंकेचे बरेचसे उत्तर या क्रमात आहे, असे मला वाटते. इथे चित्र मनाला थारा देण्यासाठी असते, प्रार्थना ऐकणारे त्या चित्राच्या पलीकडे असतात. मूर्तीला दिलेला मान ज्यांची ती मूर्ती त्यांना पोहोचतो, असे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली शिकवले. मनातल्या मूर्तीलाही हेच लागू पडते.

एप्रिल १५७९ मध्ये स्टीफन्स लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. त्यांचे पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य गोव्यातील साष्टी भागात गेले. तेथे त्यांना काय दिसले? १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या पोथ्यापुराणांवरही बंदी आली होती. ज्या माणसाने आपल्या देशात फोडलेल्या मूर्ती आणि चुना फासलेल्या भिंती पाहिल्या, तो येथे मूर्ती फोडणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने आला होता. हे आपण झाकून ठेवू नये. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांच्या रोषात फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. हे अक्वाविवा काही काळ अकबराच्या दरबारात राहून नुकतेच परतले होते. पुढे पोर्तुगीजांनी बोलणी करण्याच्या निमित्ताने कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलावून ठार केले. पाचही जणांचे मृतदेह मिळवण्यासाठी फादर स्टीफन्स यांनी खटपट केली. १८९३ साली या पाच जणांना धन्य घोषित करण्यात आले. आपल्याला चित्रावरूनच माहीत असलेले हे चेहरे फादर स्टीफन्स यांच्या ओळखीचे होते.

साष्टीत बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची एक वेगळीच उपासमार होती. लहानपणापासून ऐकलेल्या कथा गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी प्रश्नोत्तरांचा धर्मोपदेश आला होता. तो पाठ करता येतो, पण डोळ्यांपुढे उभा राहत नाही. फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथात प्रसंगच असा आहे की धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती उठतो आणि जुन्या पुराणांच्या जागी आम्हाला एखादे पुराण का देत नाही, असे विचारतो. 'ख्रिस्तपुराण' हे त्या मागणीचे उत्तर आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ताची.

त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, मरियेला देवमाता म्हटले आणि सगळे काही ओवीत बांधले. ओवी म्हणजे जात्यावर दळताना आपल्या आज्या जी गात आल्या तीच. ऐकणाऱ्याला बेथलेहेम परका वाटू नये, त्याने आपल्या शब्दांनी ती जागा उभी करावी, ही इग्नेशियस यांचीच रीत मला त्यात दिसते.

मग आपण माधवनगरकरांनी संत योसेफांना कुठे पाहायचे? शुभवर्तमानात त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाही. पेठेतल्या सुताराच्या दुकानात भुसा, रंध्याचा आवाज, दाराशी बसलेले गिऱ्हाईक आपण रोज पाहतो. तेथे त्यांना उभे करायला काहीच हरकत नाही. आपण फक्त इतके जपावे की त्यांनी जे केले किंवा सांगितले असा आधार नाही, ते आपल्या कल्पनेने त्यांच्या नावावर घालू नये.

आणि ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनी आविलाच्या संत तेरेजा यांची आठवण ठेवावी. प्रार्थनेच्या एवढ्या मोठ्या गुरू, पण ख्रिस्ताचे रूप मनात उभे करणे त्यांना जमत नसे. अंधारात कुणाशी बोलताना तो माणूस जवळ आहे हे कळते पण दिसत नाही, तशी आपली स्थिती असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणूनच त्यांना कागदावरची चित्रे प्रिय होती. तेव्हा कॅलेंडर समोर ठेवून डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थनाही चांगलीच.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारले. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदी आणली. तरीही लोकांनी ग्रंथ हाताने उतरून घेतला, आणि गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर नेला. उपवासकाळात घरोघरी त्याच्या ओव्या म्हटल्या जात. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला.